पलीकडं राहिला

"सही करायच्या आधी मला वाचू द्या," असं म्हणून बायडाबाई चष्मा आणायला घरात गेली, त्याला आता अर्धा तास होत आला होता.

ओट्यावर बसलेली माणसं वाट पाहत होती. समोर धरणाचं पाणी ऊन खात पडलं होतं. गोरक्षने तिसऱ्यांदा तंबाखू मळली आणि तिसऱ्यांदा ती तशीच डबीत परत टाकली.

"आई चष्मा घडवती का काय आत?" तो म्हणाला.

"वाचून राह्यल्यात," त्याची बायको नवसा दारातून म्हणाली. तिच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. "चुलीपाशी बसल्यात. मघापासून एकाच ओळीवर बोट हाय."

गोरक्षची बहीण आशा हसली, पण मनातून ती वैतागली होती. सकाळी लेक वेदिकाला घेऊन ती शहरातून, इंदिरानगरहून निघाली, द्वारकेच्या चौकात स्कूटर पाऊण तास अडकली, आणि इथे पोचल्यापासून सगळ्यांचं एकच चाललं होतं: आईची सही. तिला आईची सही नको होती. तिला आई हवी होती. घरातली मागची खोली तिने महिन्यापूर्वीच रिकामी केली होती, खिडकीला पडदा लावला होता, कमी उंचीची कॉट आणून ठेवली होती. एकाहत्तराव्या वर्षी आईने वल्हं मारत उतारू पोचवायचे, हे तिला सहन होत नव्हतं. होड्यांच्या नव्या नियमांचा खात्याचा मसुदा आला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मसुदा साधा होता. धरणावर होडी चालवणाऱ्याने आठ तासांचा सुरक्षेचा वर्ग करायचा, वीस प्रश्नांची लेखी परीक्षा द्यायची, होडीत जितके उतारू तितकी जॅकेटं ठेवायची. हे सगळं नव्या चालकांना आधीपासून होतंच. जुन्यांना मात्र सूट होती. वीस वर्षं होडी चालवतो असा ग्रामपंचायतीचा दाखला दिला की वर्ग नाही, परीक्षा नाही. आता मसुद्यात ती सूटच काढून टाकली होती. वय कितीही असो, अनुभव कितीही असो, परीक्षा सगळ्यांना. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने लेखी हरकत किंवा सूचना द्यावी. उद्या सोमवार, शेवटचा दिवस.

"मामा, मी तर म्हणते हरकतीचं पत्र एकदम पक्कं झालंय," वेदिका म्हणाली. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि हे तिचं पहिलंच खरं काम होतं. "आजीचं नाव वर, खाली तुम्ही सात जण. सगळ्यात जुनी होडीचालक, त्यात बाई. त्यांना ऐकावंच लागेल."

"ऐकतील कशाला?" हर्षल ओट्याच्या कडेला पाय सोडून बसला होता; खात्याचा सुरक्षेचा वर्ग तोच घ्यायचा. "नियम बरोबर आहे तो."

गोरक्षने मुलाकडे पाहिलं नाही. "बोला, सरकार बोला."

"बाबा, मी सरकार नाही."

"त्यांचा वर्ग कोन घेनार मग? तूच ना? शिट्टी गळ्यात घालून. आनि समोर बाकावर कोन बसनार? तुझा बाप. हात वर करून विचारनार, सर, शू ला जाऊ का?"

नवसा आतून खळखळून हसली. हर्षललाही हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

"चौथीपर्यंत शिकलाय तुम्ही. वीस प्रश्न आहेत, बाराला पास. मी शिकवतो."

"मला पान्याचं शिकवतो! ज्या पान्यात तुझं जावळ सोडलं ते मी दावलं तुला."

"दादा," आशा म्हणाली, "तुला परीक्षेची लाज वाटते म्हणून तू आईला पुढे करतोयस."

"आनि तुला तिला इंदिरानगरात नेऊन पडद्यामागं बसवायचंय म्हनून तू सरकारच्या बाजूची."

आशाने दाराकडे पाहिलं. पडद्याचं नवसावहिनीला सांगितलं होतं. ते दादापर्यंत पोचलं म्हणायचं.

तेवढ्यात बायडाबाई बाहेर आली. एका हातात पत्र, एका हातात चष्मा. चष्मा तिने घातलेलाच नव्हता. ती खांबाला टेकून बसली, लुगडं पायांवर ओढून घेतलं आणि म्हणाली, "हर्षल, ते परीक्षेचे प्रश्न आनलेत म्हनला होतास. विचार मला."

"आजी, तुला सूट मिळेल. मी साहेबांशी बोलतो. तुझ्या एकटीपुरती..."

"अन् मघाशी म्हनत होता नियम बरोबर हाय," गोरक्ष म्हणाला. "आजीपुरता चूक का?"

"विचार रे तू," बायडाबाई म्हणाली.

हर्षलने खिशातून कागद काढला. वर्गात तो हेच प्रश्न पंचवीस पोरांना विचारायचा, तेव्हा त्याचा आवाज मोठा असायचा. आता तो अडखळला. हिनेच त्याला वल्हं धरायला शिकवलं होतं. वल्हं पाण्यात मारायचं नाही, पाण्याला लावायचं, असं म्हणायची.

"जोराचा वारा सुटला तर होडी कशी ठेवाल?"

"नाक वाऱ्यात. आडवी धरली तर पानी आत."

"बरोबर. उतारू होडीत उभा राहिला तर?"

"आधी सांगायचं. नाय ऐकलं तर वल्ह्यानं गुडघ्यामागं टपली मारायची. बसतोच."

"टपलीचा पर्याय नाही इथे," हर्षल म्हणाला. वेदिका टाळ्या वाजवत होती. "बसायला सांगू, असं लिहायचं. पुढचा. होडीची उतारूंची मर्यादा कुठे लिहिलेली असते?"

"पत्र्यावर पांढरी रेघ असती. रेघ पान्याला टेकली की पुरं. मग सोयरा असो का सरपंच."

"आजी पास!" वेदिका म्हणाली.

"थांब गं. पुढचा?"

हर्षलने पुढचा प्रश्न पाहिला आणि तो वाचेना. त्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "होडी... खाली जाऊ लागल्यास सर्वप्रथम काय कराल?"

"कुठे खाली?" वेदिकाने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "होडी बुडू लागल्यास, असं आहे ना."

नवसा पिठाच्या हातानेच बाहेर आली, तांब्यातून चूळभर पाणी घेतलं आणि ओट्याखालच्या मातीत सोडलं. गोरक्षने मान फिरवली.

"सॉरी," वेदिका म्हणाली. "मला वाटलं ते फक्त होडीत बसल्यावर असतं."

"पानी दिसतं तिथवर," आशा हळूच म्हणाली.

या घरात ते पणजोबांपासून होतं. जिथून पाणी दिसतं तिथून तो शब्द काढायचा नाही. पाण्याला तो ऐकू गेला की ते त्याचा अर्थ विचारायला येतं. बोलायचंच झालं तर घराच्या मागे जायचं, गोठ्याच्या आडोशाला. नाहीतर म्हणायचं, पलीकडं राहिला. बादली विहिरीत गेली, ती पलीकडं राहिली. घागर गेली, पलीकडं राहिली. हर्षल तिसरीत असताना मास्तरांनी संध्याकाळचं वर्णन लिहायला सांगितलं होतं आणि त्याने लिहिलं होतं, डोंगरामागे सूर्य पलीकडं राहिला. वर्ग आठवडाभर हसत होता. आशा लग्न होऊन शहरात गेली, तिच्या नळाच्या पाण्याला कोण घाबरतं, पण न्हाणीघरात साबण बादलीत पडला तरी ती अजून तो शब्द म्हणत नसे.

"बरं," बायडाबाई म्हणाली. "पहिलं काय करायचं, ते कागदात काय दिलंय?"

हर्षलने खाली पाहिलं. "तरंगणारी वस्तू द्यायची. जॅकेट. किंवा टूब."

बायडाबाईने पत्र उचललं. आता तिने चष्मा घातला. ज्या ओळीवर तिचं बोट अर्धा तास होतं त्या ओळीवर तिने ते पुन्हा ठेवलं आणि एकेक शब्द सोडवत वाचलं, "अनु-भवी होडी-चालकांच्या हातून या धरणावर आज-वर एका-ही मृत्यूची नोंद नाही."

तिने वर पाहिलं. "वेदे, हे तुला कोनी सांगितलं?"

"मी मामाला विचारलं. आणि पंचायतीतून लेखी दाखला आणला, आजी. आजवर एकही नोंद नाही. तोच तर आपला सगळ्यात मोठा मुद्दा आहे."

"हं," बायडाबाई म्हणाली. ती उठली, पत्र हातात घेऊन ओट्याच्या कडेने घरामागे चालू लागली. "गोरक्ष, ये."

*

घराच्या मागून पाणी दिसत नाही. तिथे गोठा आहे, गोठ्यात म्हैस नाही आता, फक्त सरपण आहे. आणि भिंतीच्या खिळ्याला ट्रॅक्टरची एक काळी टूब टांगलेली आहे. रबर तडकून त्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या आहेत. बावीस वर्षांत ती कोणी काढली नाही. नवसा दिवाळीला भिंत सारवायची तेव्हा टुबेच्या भोवतीने सारवायची. टुबेमागचा भिंतीचा गोल वेगळ्या रंगाचा राहिला होता.

बायडाबाई सरपणाच्या ओंडक्यावर बसली. गोरक्ष उभाच राहिला.

तिला धाकटा मुलगा मल्हारी टूब घेऊन आला तो दिवस दिसत होता. एकोणीस वर्षांचा. द्वारकेच्या टायरवाल्याकडून आणली म्हणाला, तीन ठिगळं आहेत पण हवा टिकते. गळ्यात घालूनच आला होता, हारासारखी, आणि हसत होता. टूब त्याने होडीच्या नाकाला बांधली. कोणी पाण्यात पडलंच तर, म्हणाला. तिला ते सहन झालं नव्हतं. जो शब्द आपण काढत नाही तोच याने फुगवून, गोल करून होडीला बांधला, असं तिला वाटलं होतं. टूब बांधली म्हणजे आपण त्याची वाट पाहतोय, असं पाण्याला कळणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाठ सोडली. तिच्या नवऱ्याला, पुंजारामला, ताप होता, तो अंथरुणातूनच म्हणाला होता, बरं केलंस. तिने टूब गोरक्षच्या हातात दिली होती.

"तू हसलास तवा," ती म्हणाली.

"काय?"

"मी टूब दिली तवा तू हसलास. म्हनलास, येडा हाय मल्हारी."

गोरक्षने भिंतीकडे पाहिलं. "खिळा मी ठोकला," तो म्हणाला. "आठवतंय मला. वाकडा गेला पहिल्यांदा. पुन्हा ठोकला."

त्याच दिवशी दुपारी श्रावणातला वारा फिरला होता. होडीत मल्हारी आणि बाजाराचे सहा जण. पांढरी रेघ पाण्याच्या वर होती, ते सगळ्यांनी नंतर देवाची शपथ घेऊन सांगितलं. सहाही जण काठाला आले. कोणी वल्ह्याला धरून, कोणी होडीच्या उलट्या पाठीला धरून. शेवटच्या म्हातारीला त्याने ढकलत उथळ पाण्यात आणलं आणि तिची पिशवी आणायला मागे वळला, असं ती म्हातारी मरेपर्यंत सांगत होती. त्याला धरायला काही उरलं नव्हतं. पुढे आठ दिवस गळ टाकले, जाळी टाकली. पाण्याने काही परत दिलं नाही.

"तू ग्रामसेवकाला काय सांगितलंस?" बायडाबाईने विचारलं. तिला माहीत होतं. तिने बावीस वर्षांत विचारलं नव्हतं.

"पंचायतीच्या दारातून पानी दिसतं, आई," गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तो ग्रामसेवक नवीन. बाहेरगावचा. पेन घेऊन बसलेला. म्हनला, मल्हारीचं काय झालं. मी म्हनलो, पलीकडं राहिला. तो म्हनला, बरं. अन् लिहिलं त्यानं."

पलीकडील गावी वास्तव्यास. असं लिहिलं होतं. ते कळायला घराला सात वर्षं लागली. पुंजाराम गेला तेव्हा वारसांच्या यादीसाठी गोरक्ष पंचायतीत गेला, तर यादीत मल्हारीचं नाव, पुढे राहण्याचं ठिकाण. दुरुस्त करायचं तर मृत्यूचा दाखला हवा, दाखल्याला नोंद हवी, नोंदीला प्रेत हवं. गोरक्षने घरी येऊन सांगितलं, आणि आईच्या तोंडाकडे पाहून दुरुस्तीचा विषय पुन्हा काढला नाही. कारण तिने विचारलं होतं, "सरकारच्या कागदात असं लिहिलंय? शाईनं?"

तेव्हापासून ती शेवटची फेरी रिकामी मारायची. संध्याकाळचे शेवटचे उतारू अलीकडे सोडले की होडी पुन्हा पलीकडे न्यायची, काठापासून हातभर लांब थांबवायची, वल्हं वर धरायचं म्हणजे पाण्याचा आवाज होत नाही, आणि ऐकायचं. पलीकडचा माणूस होडीला हाक मारतो तशी हाक येते का. मग परत यायचं. सगळं घर ते पाहत होतं आणि कोणी काही म्हणत नव्हतं. नवसा तिची भाकरी तेवढी उशिरा टाकायची.

आणि त्यासाठीच तिने अक्षरं शिकली. वयाच्या साठीत. पलीकडच्या शाळेचे सोमनाथ मास्तर रोज तिच्या होडीने जायचे, त्यांना म्हणाली, मला वाचायला शिकवा. एका फेरीला एक अक्षर. मास्तर ओल्या बोटाने फळीवर काढून दाखवायचे, वाळायच्या आत तिने गिरवायचं. दोन वर्षांनी ती पंचायतीत गेली आणि ती ओळ स्वतः वाचली. पलीकडील. गावी. वास्तव्यास. वाचता आली तेव्हा तिला आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज तिला आत्ता, या ओंडक्यावर, पहिल्यांदा वाटली.

"यात लिहिलंय, एकाही मृत्यूची नोंद नाही," ती म्हणाली. "खोटं नाय ते. नोंद नाय. पन मी खाली सही केली म्हंजी काय होतं, गोरक्ष?"

गोरक्षने टुबेवरची धूळ पुसली.

"म्हंजी मी लिहून दिलं का तो पलीकडं हाय. जिता हाय. अन् टूब खिळ्यालाच बरी."

"आई, सूट गेली तर तुझी होडी जाईल. परीक्षा लेखी हाय. तुला अजून जोडाक्षरं येत नायत."

"ठाव हाय."

"मग शेवटची फेरी?"

त्याने पहिल्यांदाच ते नाव तोंडातून काढलं होतं. बायडाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं ते फक्त तिचं आहे.

"तू पाहत होतास?" तिने विचारलं.

"तू येईपर्यंत मी घाटावरच असतो. जाळं सोडवत बसल्यासारखं करतो. रोज कुठलं जाळं गुंततं एवढं?"

ती थोडं हसली. मग तिने हाक मारली, "वेदे! वही अन् पेन आन."

*

वेदिका वही घेऊन आली, तिच्या मागे आशाही आली. मामा टुबेला हात लावून उभा होता आणि आजी मांडीवर वही घेऊन बसली होती, हे पाहून दोघीही लांबच थांबल्या.

"पत्र बदलू का, आजी?" वेदिकाने विचारलं. "ते वाक्य काढून टाकते. बाकीचं तसंच ठेवू."

"नको. मला माझं लिहू दे."

ती लिहू लागली. सावकाश, मोठं, रेघेच्या बाहेर जात. मध्येच थांबली.

"वेदे, बु कसला? ऱ्हस्व का दीर्घ?"

"कुठला बु?"

"मास्तरांनी तो शब्द शिकवलाच नाय. होडीत शिकवायचे ना." तिने पेनाचं टोक कागदाच्या वर धरून ठेवलं होतं. "बुडाला यातला."

आशाच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता तो. बावीस वर्षं हे घर त्या शब्दाला वळसा घालून चाललं होतं, टुबेभोवती सारवावं तसं. आणि आई त्याचा उकार विचारत होती, दळणाची यादी करावी तशी.

"ऱ्हस्व," वेदिका म्हणाली.

बायडाबाईने लिहिलं. तरी तो दीर्घच झाला. वेदिकाने दुरुस्त केला नाही.

आशा पुढे आली, ओंडक्याशेजारी जमिनीवर बसली. तिला आईला सांगायचं होतं की खोली तयार आहे, पडदा निळा आहे, तू चल. तिने आईचा हात पाहिला, पेन वल्ह्यासारखं मुठीत धरलेला, आणि ते सगळं तिच्या तोंडातच राहिलं. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते. आई तिथे संध्याकाळी कुठे बघणार?

"आई, परीक्षेला मी तुला जोडाक्षरं शिकवीन," ती म्हणाली. "दर रविवारी येईन."

"अन् नेनार नाय मला?"

"नाही."

"पडदे लावलेस म्हने."

"काढीन."

"राहू दे. ऊन अडतं," बायडाबाई म्हणाली.

*

ओट्यावर सगळे परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बायडाबाईने वही गोरक्षच्या हातात दिली.

"वाच."

"इथं?"

"इथंच."

समोर पाणी होतं, डोंगरापर्यंत. गोरक्षने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, त्या दिवशी पंचायतीच्या दारातूनही असंच दिसत होतं. एवढंच रुंद, एवढंच गप्प. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याने पाण्याकडे पाहून घाबरून भलतंच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराच्या काठावर आई पंधरा वर्षं थांबून होती.

त्याने वाचलं. "सूट देऊ नये. जुन्या मानसांना आधी शिकवा. त्यांना लई येतं म्हनून ते ऐकत नाईत. मी होडीतली टूब काढली. माझा मुलगा मल्हारी पुंजाराम..."

तो थांबला. नवसाने तांब्या उचलला. बायडाबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तांब्या खाली ठेवायला लावला.

"...बुडाला," गोरक्ष म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. पाण्यावर कुठे काही हललं नाही. दोन बगळे बसले होते ते बसूनच राहिले.

"बाबा," हर्षल म्हणाला. तो उठून बापाजवळ येऊन उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने परीक्षेचा कागद घडी करून बापाच्या हातात दिला.

"नापास केलंस तर घरात घेनार नाय," गोरक्ष डोळे पुसत म्हणाला.

"तुम्हाला शू ला पण सोडणार नाही."

सात जणांचं ते आधीचं पत्र गोरक्षने फाडलं नाही. बाकीचे सहा होडीवाले संध्याकाळी विचारायला येणार होते. त्यांना काय सांगायचं ते त्याचं ठरलं नव्हतं. त्याने ते घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, वर हात ठेवला, आणि बराच वेळ तो हात तिथेच राहिला. वहीतलं पान मात्र वेदिकाने नीट कापून घेतलं. उद्या ती स्वतः नेऊन देणार होती. "सूचना म्हणून देऊ का हरकत म्हणून?" तिने विचारलं.

घाटावरून शेवटचे उतारू बायडाबाईला हाका मारू लागले. भाजीच्या दोन बायका, एक मास्तर, एक सायकल. ती त्यांना पलीकडे सोडून आली, पलीकडच्यांना अलीकडे घेऊन आली. सूर्य डोंगराला टेकला. सगळं घर घाटावर उभं होतं. आज कोणी जाळं सोडवायचं सोंग केलं नाही.

"आई," आशा म्हणाली, "आता कशाला जातेस? तूच तर लिहिलंस."

बायडाबाईने हर्षलकडे हात केला. "ते जाकीट दे."

हर्षलने गाडीच्या डिकीतून नारिंगी जॅकेट आणलं, तिच्या अंगात घातलं, बंद आवळले. ते तिला फार मोठं होत होतं. त्यातून तिचं तोंड पाखरासारखं बाहेर दिसत होतं. नवसाला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला.

"अजून एक दे," बायडाबाई म्हणाली.

"एक पुरे आजी. तू एकटीच आहेस."

"कागदात काय लिहिलंय? उतारू तितकी जाकिटं."

"उतारू कुठे आहे?"

"जाताना नाय." तिने होडीची दोरी सोडली आणि एक पाय आत ठेवला. "येताना कोनी हाक मारली तर?"

हर्षलने बापाकडे पाहिलं. गोरक्षने मान हलवली. हर्षल पळत गेला आणि दुसरं जॅकेट घेऊन आला. बायडाबाईने ते समोरच्या फळीवर ठेवलं, वाऱ्याने जाऊ नये म्हणून त्याचे बंद फळीला बांधले, गाठ ओढून पाहिली. मग तिने वल्हं पाण्याला लावलं आणि होडीचं नाक डोंगराकडे केलं.